खडा फेकून देऊ नका

(नरसिंहपूर, ता. इंदापूर येथे राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त घेतलेल्या महिला आरोग्य शिबिरातलं भाषण. बोललेलं फारसं न बदलता इथे देत आहोत.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या बोलण्याचा विषय 'केशनलिका आणि क्ष-किरण' असा छापला गेलाय. तो वाचून सकाळी घाटावर एक आजी मला म्हणाल्या, "केस गळायचं औषध सांगनार व्हय गं?" तसं औषध माझ्याकडे नाही. केशनलिका म्हणजे केसासारखी बारीक काचेची नळी. मी आज एक सोबत आणली आहे. कापसात गुंडाळून, कंपासपेटीत घालून एस. टी.ने आणली. ही बघा. लांबून बघा, हातात देत नाही. एका तोंडाशी छोटं नरसाळं आहे, खाली नळी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. आणि काचेची भिंत? मिलिमीटरचा शंभरावा भाग. बांगडीची काच हिच्यापुढे दगडी भिंत वाटेल.

मी शास्त्रज्ञ नाही. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, मग समाजकार्याकडे वळले, एम.एस.डब्ल्यू. झाले, आणि गेली काही वर्षं बारामती-इंदापूर भागात बायकांच्या आरोग्याचं काम करते. मग हे नळीचं काय मध्येच? तर या नळीत मी एका बाईच्या पोटातून निघालेला खडा कुटून भरताना पाहिला. त्या बाईची गोष्ट सांगायला मी उभी आहे. पण आधी ही नळी काय करते ते सांगते, नाहीतर गोष्टीतला महत्त्वाचा भाग समजणार नाही.

आपण सगळ्या इंदापूरहून एस. टी.ने येतो. खिडकीतून लागणीचा ऊस बघितलाय ना? गाडी चालू असताना आधी नुसता हिरवा गोंधळ दिसतो. मग एका क्षणी सरी अगदी सरळ उघडते, पार बांधापर्यंत दिसतं. पुन्हा गोंधळ. मग जरा तिरक्या अंगाने दुसऱ्या ओळी उघडतात. सरी साडेचार फुटांची असेल तर त्या एका कोनात उघडतात, तीन फुटांची असेल तर दुसऱ्या. ओळी कोणकोणत्या कोनात उघडल्या हे कुणी नीट टिपून ठेवलं, तर शेतात पाय न ठेवता लागण कशी केलीय ते सांगता येईल.

मिठाचा खडा, साखरेचा दाणा, मुतखडा, यांच्यात अणू असेच ओळींनी बसलेले असतात. त्या ओळी डोळ्यांना दिसत नाहीत, साध्या उजेडातही दिसत नाहीत, कारण त्यांच्यातलं अंतर फार थोडं आहे. क्ष-किरणांना त्या दिसतात. किरण आत शिरले की काही ठरावीक कोनांतच जोराने बाहेर पडतात, बाकी ठिकाणी जवळजवळ काही नाही. प्रत्येक पदार्थाचे कोन वेगळे. १९१२-१३ साली जर्मनीत लाउए यांनी आणि इंग्लंडमध्ये ब्रॅग बापलेकांनी हे दाखवून दिलं. १९१६ साली डिबाय आणि शेरर यांनी त्यात भर घातली, की मोठा सुबक स्फटिक नसला तरी चालतो, नुसती भुकटीही पुरते. भुकटीत लाखो कण हव्या त्या दिशेला तोंड करून असतात, त्यामुळे सगळे कोन एकदमच मिळतात.

आता त्या बाईकडे येते. मी तिला आक्का म्हणते. बीडकडची. दरसाल दिवाळीच्या सुमाराला टोळीबरोबर इकडच्या कारखान्यांच्या उसावर येते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर. पहाटे चारला फडात, ट्रॅक्टर भरायला कधी रात्रीचे दहा. एक दिवस खाडा केला की पैसे कापले. मी तिला पहिल्यांदा भेटले तेव्हा वय विचारलं. "आसंल पस्तीस," म्हणाली. दिसत होती पन्नासची.

तिची तक्रार अशी, की कंबर दुखते, ओटीपोटात कळ येते, लघवीला आग होते, मधून मधून थंडी वाजून ताप येतो. तीन वर्षांपूर्वीही हीच तक्रार होती. तेव्हा एका दवाखान्यात तिला सांगितलं, "पिशवी खराब झालीय, काढून टाक, नाहीतर पुढे कॅन्सर होईल." तिने मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली, पिशवी काढली. महिन्याभरात पुन्हा कोयता धरला, कारण उचल फेडायची होती. आणि दुखणं? होतं तिथेच राहिलं.

तिच्यासारख्या किती, हे तुम्हाला माहीत आहे. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा आपण मोर्च्यांत, निवेदनांत पुष्कळदा वापरला आहे. त्यावर मी आज जास्त बोलत नाही. फक्त एक प्रश्न मनात ठेवा. त्या तेरा हजारांपैकी किती जणींच्या हातात काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा कागद आहे? आक्काच्या हातात नव्हता. तिच्याकडे बिलाची पावतीसुद्धा नव्हती.

या वेळी आम्ही तिची सोनोग्राफी करून घेतली. उजव्या मूत्रपिंडात मोठा खडा, फांद्या फुटल्यासारखा. डॉक्टर त्याला सांबराच्या शिंगाची उपमा देतात. दुर्बिणीने तो फोडून काढायचं ठरलं. मी आदल्या दिवशीच डॉक्टरांना म्हटलं, "खडा आम्हाला द्या." ते जरा वैतागले. "काय करायचंय? खडा तो खडा." मी म्हटलं, तिच्या अंगातला आहे, तिचा आहे, तिला हवाय. शेवटी औषधाच्या रिकाम्या बाटलीत तुकडे मिळाले. पिवळट पांढरे, ठिसूळ.

पुण्यात माझी एक वर्गमैत्रीण संशोधन संस्थेत भुकट्यांवर क्ष-किरणांचं काम करते. ती म्हणाली, घेऊन ये. मी आक्कालाही बरोबर नेणार होते, पण टोळी सोडून ती कशी येणार? मी एकटीच गेले.

मैत्रिणीने आधी तुकड्याचा एक कण अकीक दगडाच्या खलात हलक्या हाताने घोटला. हलक्या हाताने, हे ती दोनदा म्हणाली. मग या असल्या नळीच्या नरसाळ्यात भुकटी टाकली. खाली जाईना. टिचक्या मारल्या, जाईना. मग तिने छोटी कानस काढली आणि नळीच्या अंगावरून इतकी हळू घासली की ऐकूही येईना. त्या थरथरीने भुकटी मुंगीच्या पावलाने खाली सरकायला लागली. एक नळी मोडली. दुसरी भरायला तासभर गेला. तांदूळ निवडल्यासारखं काम. मला आपल्या बायका आठवल्या. असल्या कामाला आपण कौशल्य म्हणत नाही, बाईमाणसाचा हात म्हणतो आणि मजुरी कमी देतो.

नळीचं तोंड एरवी दिव्यावर काच वितळवून बंद करतात. तिने तसं केलं नाही, मेण लावलं. का, तर हा संसर्गाचा खडा असला तर त्यात अमोनिया आणि पाणी असणार, आणि उष्णता लागली की ते उडून जाणार. मग आपण बघू तो मूळचा खडाच नसेल.

मी विचारलं, एवढी यातायात कशाला? काचेच्या पट्टीवर भुकटी दाबून बसवली तर नाही का चालणार? ती म्हणाली, चालतं, पुष्कळदा तसंच करतात, लवकर होतं. पण कण चपटे असले तर पट्टीवर दाबल्यावर ते सगळे एकाच अंगावर पडतात. ताटात पोहे दाबून बसवा, सगळे आडवे. मग यंत्राला त्यांची एकच बाजू पुनःपुन्हा दिसते, बाकीच्या बाजू जवळजवळ गायब. नळीत ते कसेही पडतात, आणि वर नळी मोजताना गोल फिरत ठेवतात, त्यामुळे कुठलीच बाजू लपत नाही. शिवाय माल चिमूटभर असला तरी पुरतो, आणि बंद नळीत त्याचं पाणी त्याच्यापाशीच राहतं. दोष आहेत: वेळ लागतो, काचेचा स्वतःचा एक फुगवटा आलेखात येतो, आणि शिशासारखा जड पदार्थ असेल तर तो किरण गिळूनच टाकतो.

पोह्यांचं ऐकताना माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. चावडीवर बसून केलेल्या आमच्या पाहण्या. घरातली मोठी माणसं समोर, बाई दारामागे, आणि फॉर्मवर सगळ्याजणींचं एकच उत्तर: "काही त्रास नाही." तेही दाबून बसवलेलंच की. असो.

नळी पितळी टाचणीत मेणाने उभी केली, दुर्बिणीतून बघून मधोमध आणली, फिरायला लावली, जाड दार बंद केलं. अडीच तासांनी संगणकावर टेकड्यांची रांग उभी राहिली. तिने ती नोंदवलेल्या पदार्थांच्या रांगांशी ताडून पाहिली. बहुतांश स्ट्रुवाइट. म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा, पाणी धरून बसलेला स्फटिक.

याचा अर्थ आक्काच्या भाषेत असा. नेहमीचा मुतखडा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो. तो पाणी कमी पडल्याने, मीठ जास्त खाल्ल्याने, काही जणांना घराण्यातूनच होतो. युरिक आम्लाचा खडा वेगळा, तो औषधाने विरघळूही शकतो. पण स्ट्रुवाइट होतो तो जंतूंमुळे. लघवीतल्या युरियाचं विघटन करणारे काही जंतू असतात, ते आत घर करून बसले की लघवीचा गुणधर्म बदलतो आणि हा खडा झपाट्याने वाढतो. बायकांचा मूत्रमार्ग आखूड असतो, संसर्ग लवकर वर चढतो, म्हणून हा खडा पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. आणि खड्याच्या आतही जंतू असतात. एक कपचा मागे राहिला, किंवा जंतूंवरचं औषध अर्धवट सोडलं, की खडा परत. म्हणजे 'खडा तो खडा' नव्हे. कागद पाहिल्यावर त्याच डॉक्टरांनी लघवीचं कल्चर करून घेतलं, औषध बदललं आणि मुदतही वाढवली. हे त्यांचं श्रेय आहे, ते मी देते.

त्या पिशवीचं काय? ती काढायची गरज होती की नव्हती, हे मी आज सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. ती कुठे गेली माहीत नाही, तिचा कागद नाही. खड्याची चिमूट हाताशी होती म्हणून तीन वर्षांच्या दुखण्याला एक नाव मिळालं. पिशवीबद्दल विचारायला काहीच उरलेलं नाही.

आज विज्ञान दिन, तर दोन बायकांची ओळख करून देते. या नळीशी आणि या खड्याशी त्यांचा थेट संबंध आहे.

पहिली डोरोथी क्रोफुट, लग्नानंतर हॉजकिन. १९३४ साली केंब्रिजमध्ये ती बर्नाल यांच्याकडे शिकत होती. त्या काळी प्रथिनांच्या स्फटिकांची क्ष-किरणचित्रं काही केल्या नीट येत नव्हती. पेप्सिनचे स्फटिक बाहेर काढून वाळले की त्यांची ओळच मोडते, हे बर्नाल यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी ओला स्फटिक त्याच्या मूळच्या पाण्यासकट बारीक काचेच्या नळीत बंद करून चित्र घेतलं, आणि पहिल्यांदा ठिपके उमटले. त्या दिवशी डोरोथी तिथे नव्हती. हातांच्या दुखण्यासाठी घरच्यांनी तिला लंडनला डॉक्टरांकडे नेलं होतं. हा संधिवात तिला जन्मभर पुरला. त्याच वाकड्या बोटांनी तिने पुढे पेनिसिलीन, ब-१२ जीवनसत्त्व आणि १९६९ साली इन्सुलिन यांची रचना उलगडली. १९६४ साली तिला नोबेल मिळालं तेव्हा तिकडच्या एका वर्तमानपत्राने मथळ्यात तिला 'गृहिणी' म्हटलं होतं.

दुसरी कॅथलीन लॉन्सडेल. दहा भावंडांतली शेंडेफळ. मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवत नव्हते म्हणून ती मुलांच्या शाळेत जाऊन बसायची. तीन मुलं झाल्यावर घरी बसून गणितं करत राहिली. तिला परत प्रयोगशाळेत आणण्यासाठी ब्रॅग यांनी घरकामाला बाई ठेवता येईल एवढ्या पैशांची सोय केली. (त्या कामवाल्या बाईच्या मुलांकडे कोण बघत होतं, हा प्रश्न मला पडतो. तो कुठल्या चरित्रात सापडला तर मला कळवा.) १९४३ साली युद्धाच्या कामासाठी नाव नोंदवायला तिने तत्त्व म्हणून नकार दिला, दंडही भरला नाही, आणि महिनाभर हॉलोवेच्या तुरुंगात राहिली. फरशा पुसल्या, कैदी बायकांचे हाल पाहिले आणि बाहेर आल्यावर तुरुंग सुधारणेसाठी बोलत राहिली. १९४५ साली रॉयल सोसायटीने पहिल्यांदाच दोन बायकांना सभासद करून घेतलं, त्यातली ती एक. आणि उतारवयात तिने कशाचा अभ्यास घेतला? मुतखड्यांचा. माणसांच्या अंगातले खडे जमवून, क्ष-किरणांनी तपासून, त्यावर १९६८ साली लेख लिहिले.

आपल्याकडचंही सांगायला हवं. ज्यांच्या शोधाच्या नावाने आजचा दिवस साजरा होतो, त्याच रामन यांनी १९३३ साली बंगळूरच्या संस्थेत कमला भागवत यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत, तेव्हा अटी घालून घेतलं. पुढे त्या कमला सोहोनी म्हणून नाव कमावून गेल्या आणि रामन यांनाही आपलं मत बदलावं लागलं. शाळेतल्या फलकावर आज रामन यांचा फोटो लावलाय. शेजारी जागा आहे, बाईंना मी सकाळीच म्हटलंय.

आता कामाचं. लघवीच्या तक्रारीसाठी मी ज्या ज्या बाईला विचारलं, "पाणी किती पितेस?" तिचं उत्तर ठरलेलं. आक्काच्या शब्दांत सांगते: "पानी पिलं की जावं लागतंय. फडात कुठं जावं? गडी मागं-पुढं. म्हून पीतच न्हाई." हे फक्त ऊसतोडीचं नाही. बाजारातल्या भाजीवाल्या, शाळेतल्या मुली, एस. टी.तल्या कंडक्टर बायका, यात्रेला आलेल्या वारकरी बायका आणि मीसुद्धा. गावोगाव फिरताना मी बाटली भरून नेते आणि संध्याकाळी तशीच परत आणते. २०१४ नंतर घरोघर संडास बांधले गेले, पण बाई दिवसभर घरी असते कुठे? मुंबईत २०११ पासून संस्थांनी 'राइट टू पी' म्हणून मोहीम चालवली, त्यात शहरातल्या मुताऱ्यांचा प्रश्न धरला. उसाच्या फडाचा प्रश्न कुणी धरायचा? खडा होऊ नये म्हणून दिवसाला निदान दोन-अडीच लिटर लघवी व्हावी असं डॉक्टर सांगतात. उन्हात कोयता चालवणाऱ्या बाईने त्यासाठी किती पाणी प्यावं लागेल, आणि त्यानंतर कितीदा आडोसा शोधावा लागेल, याचा हिशेब तुम्हीच मांडा. यंत्रातल्या टेकड्यांत हा हिशेब उमटत नाही. तिथे फक्त 'स्ट्रुवाइट' एवढंच येतं.

आता ज्यांना खडा आहे त्यांच्यासाठी. लघवी सुती फडक्यातून किंवा चहाच्या जुन्या गाळणीतून गाळा. खडा पडला तर साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, उन्हात किंवा चुलीशी नको. स्वच्छ कोरड्या बाटलीत ठेवा. मिसरीच्या डबीत नको, एक वहिनी तशीच घेऊन आल्या होत्या. चिकटपट्टीवर चिकटवू नका, गोंद तपासणीत येतो. वर नाव आणि तारीख लिहा. ऑपरेशन असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा की खडा हवाय. तपासणीला दर वेळी ही नळी लागत नाही, घाबरू नका. नेहमीच्या प्रयोगशाळांत अवरक्त किरणांनी किंवा रसायनांनी तपासतात, त्यातूनही प्रकार बहुतेक वेळा कळतो. क्ष-किरणांची यंत्रं मुख्यतः संशोधन संस्थांत असतात, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या. आणि दूध बंद करू नका, ते कुणीतरी उगीच सांगत असतं. लघवीत रक्त, थंडी-ताप, किंवा लघवी अडली, तर खडा गोळा करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

हेच पिशवीला लागू आहे. काढलेली पिशवी तपासायला पाठवा, आणि कागद आमच्या हातात द्या, असं ऑपरेशनच्या आधी म्हणायचं. एकटीला जमत नसेल तर दोघी-तिघी जा. मला हाक मारा.

आक्काला मी निकाल सांगायला गेले तेव्हा ती मोळी बांधत होती. आलेख दाखवला. तिने टेकड्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यो माझा खडा?" हो म्हटलं. "मंग नळी कुठाय?" मी म्हटलं, पुण्याला आहे, जपून ठेवलीय. "ऱ्हाऊ द्या तिथंच," म्हणाली. "पुना कुनी म्हनलं खराब हाय, तर दाखवाया होईल."

दाराशी टेबलावर दोन अर्ज ठेवले आहेत. एक ग्रामपंचायतीला, संगमाच्या घाटावर यात्रेच्या दिवसांत बायकांसाठी पाण्याची आणि आडोशाची सोय करावी म्हणून. दुसरा साखर कारखान्यांना, टोळ्यांच्या तळावर आणि फडावर फिरती शौचालयं ठेवावीत म्हणून. दुसऱ्यावर टोळीतल्या बायकांचे अंगठे आधी घेतलेत, वरचे एकतीस. आक्काचा पहिला आहे. त्यांच्या खाली आपल्या सह्या हव्यात. चहा यायला दहा मिनिटं आहेत, तेवढ्यात होईल.